पाताळातील ऊब आणि ओले सोयाबीन

ऑक्टोबरचा उत्तरार्ध आला की घाटंजीच्या बाजारात सोयाबीनची पोती येऊ लागतात आणि एक लहानसे यंत्र कास्तकाराच्या वर्षभराच्या कष्टांचा निवाडा करू लागते. मूठभर दाणे त्यात टाकले की काही क्षणांत ओलाव्याचा आकडा उमटतो. तो १२ किंवा त्याखाली असला तर हमीभावाच्या खरेदी केंद्राचे दार उघडते. १५-१६ असला तर माल एक तर परत न्यायचा किंवा व्यापारी देईल त्या भावाने विकून मोकळे व्हायचे. परतीचा पाऊस रेंगाळला, गंजीत पाणी शिरले, मळणी ओल्या शेंगांची करावी लागली, तर दोष कास्तकाराचा नसतो. दंड मात्र त्यालाच भरावा लागतो. कापसाची गोष्ट फारशी वेगळी नाही. ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे प्रत्येक टक्क्यामागे कपात आणि १२ टक्क्यांच्या वर भारतीय कापूस महामंडळाची खरेदीच नाही, असा नियम आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनपुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्याची पाळी केंद्र सरकारवर आली, यावरून प्रश्न किती व्यापक आहे हे ध्यानात यावे.

याच घाटंजीच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या खोऱ्यात, जमिनीतून आपोआप ऊन पाणी वर येते. यवतमाळ जिल्ह्याच्या हद्दीत कापेश्वर आणि नदीपलीकडे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर ही ती दोन ठिकाणे. शरभंग ऋषींची व्याधी दूर व्हावी म्हणून श्रीरामाने बाण मारून उनकेश्वरचे झरे प्रकट केले, अशी परिसरातील श्रद्धा आहे. त्वचारोगाने त्रासलेली माणसे आजही दूरवरून तेथे स्नानास येतात. एकीकडे उबेअभावी भाव गमावणारे धान्य आणि दुसरीकडे पिढ्यानपिढ्या नुसतीच वाहून जाणारी भूगर्भातील ऊब. या दोन गोष्टींची सांगड घालता येईल काय, हा प्रश्न आता केवळ कल्पनाविलासाचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले असून, त्यात वीजनिर्मितीबरोबरच शेती, शीतगृहे, इमारतींचे तापमान राखणे अशा उष्णतेच्या थेट वापरांनाही स्थान दिले आहे. धोरण आले म्हणजे योजना येणार आणि योजना आली म्हणजे पैसा खर्च होणार. तो कोठे व्हावा याचा विचार आधी झालेला बरा.

परदेशांतील धडा

भूगर्भातील उष्णतेने शहरेच्या शहरे उबदार ठेवण्याचा उद्योग युरोपात जुना आहे. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथे ज्या ऊन झऱ्यांवर बायका धुणी धूत असत, त्या परिसरातील पाणी १९३० साली सुमारे ३ किलोमीटर लांबीच्या नळातून शहरात आणले गेले. त्यावर प्रथम एक शाळा आणि काही घरे तापू लागली. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्या देशाने हे काम नेटाने वाढवले. आज तेथील दर १० घरांपैकी सुमारे ९ घरे याच उष्णतेवर थंडी काढतात. फ्रान्समध्ये पॅरिसच्या आसमंतात दीड ते दोन किलोमीटर खोलीवर चुनखडकाचा एक थर आहे. त्यातील ५५ ते ८५ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी उपसून, त्याची उष्णता घरांच्या नळजालात उतरवून, थंड झालेले पाणी दुसऱ्या विवरातून पुन्हा त्याच थरात सोडले जाते. या जोडविवराच्या पद्धतीचा आरंभ १९६९ साली मेलाँ या गावी झाला.

ही उदाहरणे वाचून आपल्याकडेही तसेच करावे असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु घाटंजीत मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो, आणि डिसेंबर-जानेवारीतील काही रात्री वगळल्या तर घर तापवण्याची गरज कोणालाच भासत नाही. जेथे कूलरसाठी वीज पुरत नाही तेथे घरोघर उष्णतेचे नळ नेण्याची भाषा हास्यास्पद ठरेल. परदेशाकडून घ्यायचा तो नळ नव्हे, धडा घ्यायचा आहे, आणि तो दुहेरी आहे.

पहिला धडा असा की, उष्णता हा स्थानिक माल आहे. कोळसा वॅगनमध्ये भरता येतो, वीज तारेतून नेता येते. ऊन पाणी मात्र वाटेतच निवत जाते. रेक्याविकला २७ किलोमीटरवरील नेसयावेल्लिर येथून गरम पाणी आणले जाते हे खरे. परंतु तेथे प्रवाह प्रचंड आहे आणि दुसऱ्या टोकाला अख्खी राजधानी गिऱ्हाईक म्हणून उभी आहे. पैनगंगेकाठच्या झऱ्यांचा लहानसा प्रवाह घाटंजीपर्यंत आणण्याची कल्पना त्या हिशेबात बसत नाही. उष्णता वापरायची तर जेथे ती निघते तेथेच, किंवा जेथे वापरायची तेथेच ती काढायची.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. पॅरिसच्या उपनगरांत विवरे खोदली गेली तेव्हा मोठ्या वसाहतींतून सामुदायिक तापनाची व्यवस्था आधीच उभी होती. बदलायचे होते ते केवळ इंधन. गिऱ्हाईक तयार होते, माल नंतर आला. तरीही १९८० नंतरच्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि खाऱ्या पाण्याने नळ गंजू लागले, तेव्हा तेथील काही विवरे बंद करावी लागलीच. जेथे मागणी होती तेथे ही गत, तर जेथे मागणीच संघटित झालेली नाही तेथे काय होईल, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

घाटंजीखाली काय आहे?

पृथ्वीच्या पोटात शिरावे तसे तापमान वाढत जाते. ही वाढ सर्वसाधारणपणे किलोमीटरमागे २५ ते ३० अंशांची असते. विदर्भातील जमिनीचे सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास धरले, तर दोन किलोमीटर खाली ७७ ते ८७ अंशांचा खडक सापडावा, आणि त्यासाठी ज्वालामुखी असण्याची गरज नाही. उनकेश्वरसारख्या झऱ्यांचे पाणीही मुळात पावसाचेच असते; ते भेगांतून खोल मुरते, तापते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेने वर येते. झऱ्याचे तापमान चाळिशीच्या आसपास असेल, तर ते पाणी निदान अर्धा किलोमीटर खाली जाऊन आलेले असले पाहिजे, इतके अनुमान साध्या वजाबाकी-भागाकाराने करता येते.

परंतु तापलेला खडक आणि उपयोगी उष्णता यांत अंतर आहे. उष्णता वर आणायला पाणी लागते आणि पाण्याला फिरायला खडकात वाट लागते. यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे. पूर्वेकडे वणीच्या बाजूला तो संपतो आणि कोळशाचे व चुनखडीचे जुने थर उघडे पडतात. लाव्ह्याचा थर कोठे किती जाड आहे हे खोदल्यावाचून कळत नाही. कोयनेच्या परिसरात तो सव्वा किलोमीटरच्या घरात भरला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला विवर घेतले तेव्हा तो ३३८ मीटरांतच संपला. त्याखाली बहुतेक ठिकाणी अतिप्राचीन ग्रॅनाइट लागतो, आणि ग्रॅनाइट पाण्याला सहजी वाट देत नाही. फिनलंडमधील एस्पो येथे अशाच प्राचीन, कठीण खडकात सहा किलोमीटरांहून अधिक खोल विवर नेले गेले. उष्णता मिळाली, पण खडकातून पुरेसे पाणी फिरेना आणि शहर तापवण्याचा बेत फसला.

देशातील चित्र आश्वासक आहे, पण तुरळक. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या २०२२ च्या नकाशासंग्रहात ३८१ उष्ण स्थानांची नोंद असून, देशाची क्षमता सुमारे १०,६०० मेगावॉट असल्याचा अंदाज दिलेला आहे. लडाखमधील पुगा येथे तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने २०२१ साली करार करून काम हाती घेतले. यवतमाळला अधिक जवळचे उदाहरण तेलंगणातील मणुगुरूचे. गोदावरी खोऱ्यातील त्या कोळसापट्ट्यात सिंगरेणी कंपनीने ऊन पाण्यावर चालणारा २० किलोवॉटचा प्रायोगिक वीजसंच बसवला आहे. महाराष्ट्रात ठाणे-पालघरपासून राजापूरपर्यंत उन्हाळ्यांची रांगच आहे. उन्हवऱ्याचे पाणी ७० अंशांच्या घरात जाते. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हेरे, आरवली, तुरळ, खानदेशातील उनपदेव अशा स्थळांना मराठी माणूस स्नानासाठी ओळखतो. ‘ऊन’ हा शब्द गावांच्या नावांत रुजला, पण उद्योगात उतरला नाही.

आकडे काय सांगतात?

समजा, घाटंजीजवळ एक खोल विवर यशस्वी झाले आणि त्यातून सेकंदाला १० लिटर या वेगाने ७० अंशांचे पाणी मिळू लागले. ते ४० अंशांपर्यंत निववले तर सुमारे १,२५० किलोवॉट उष्णता हाती येईल. आता सोयाबीनकडे पाहू. १६ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल १२ टक्क्यांवर आणायचा म्हणजे त्यातून साडेचार किलो पाणी उडवायचे. वाया जाणारी उष्णता धरूनही, अशा विवरावर तासाला सुमारे २०० क्विंटल सोयाबीन वाळू शकेल. वाळवणीला लागणारी हवा फार तापलेली असून चालत नाही, बियाण्यासाठी तर ती चाळिशीच्या आसपासच असावी लागते. म्हणजे पृथ्वीची ही मंद ऊब या कामाला अगदी साजेशी आहे.

कास्तकाराच्या पदरात काय पडेल? वाळवल्यावर त्याचा १०० किलोचा माल साडेपंच्याण्णव किलो भरेल. ही घट विसरून केलेला कोणताही हिशेब फसवा ठरेल. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या दराने या मालाचे सुमारे ४,६७० रुपये होतात. ओल्या मालाला खुल्या बाजारात उदाहरणादाखल ४,१०० रुपये मिळत असतील, तर क्विंटलमागे ५७० रुपयांचा फरक उरतो. वाळवणीचा खर्च यापेक्षा पुष्कळच कमी ठेवता आला, तर पाच-सात एकरांच्या कुटुंबाला दिवाळीपूर्वी मुलांच्या फीची किंवा दुकानदाराच्या उधारीची सोय या फरकातून होऊ शकते. प्रश्न धंद्याचा आहे त्याहून अधिक तो घरातल्या चुलीचा आहे.

आणि येथेच हिशेब एक अनपेक्षित वळण घेतो. हीच वाळवणी शेतातल्या पऱ्हाटीवर करायची म्हटली, तर साध्या भट्टीतही क्विंटलमागे तीन-चार किलो पऱ्हाटी पुरेल. कपाशी उपटल्यावर जी पऱ्हाटी बांधावर जाळून टाकली जाते, तीच. म्हणजे घाटंजीत ऊब दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती व्यवस्था. ज्या गावात तीन-चार किलो काडीने होणारे काम आजवर कोणी उभे केले नाही, तेथे कोट्यवधी रुपयांचे विवर खोदून ते आपोआप उभे राहील, ही आशा व्यर्थ होय.

मग भूगर्भाकडे पाठ फिरवावी काय? तसेही नाही. पऱ्हाटी गोळा करावी लागते, साठवावी लागते, पावसापासून जपावी लागते. धूर होतो तो निराळाच. सूर्याची उष्णता उन्हाळ्यात मुबलक मिळते, पण परतीच्या पावसात, नेमकी गरज असते तेव्हाच, ढगाआड जाते. भूगर्भातील उष्णतेला ऋतू नाहीत, रात्र नाही. परंतु तिचा सारा खर्च आरंभीच करावा लागतो, आणि असे भांडवल वर्षातून दीड महिना वापरून वसूल होत नाही. तिला बारमाही काम हवे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन, त्यापुढे ओला कापूस, फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर, मग उमरखेड-महागाव भागातली हळद आणि मिरची, आणि उन्हाळ्यात उष्णतेवर चालणारे शीतगृह. हिमाचलातील मणिकर्ण येथे उष्ण पाण्यावर शीतगृह चालवण्याचा प्रयोग पूर्वी झालेला आहे. कामांची ही साखळी जुळली तरच खोल विवराचे गणित मांडण्यात अर्थ आहे.

धोक्याची बाजू

पैशाखेरीज इतरही धोके आहेत आणि ते लपवून लोकांची संमती मिळवणे अनुचित ठरेल. स्वित्झर्लंडमधील बासेल शहराखाली पाच किलोमीटर खोल खडकात दाबाने पाणी सोडताच डिसेंबर २००६ मध्ये ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि २००९ साली प्रकल्प गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियातील पोहांग येथे नोव्हेंबर २०१७ मध्ये झालेल्या नुकसानकारक भूकंपाला असाच प्रकल्प कारणीभूत ठरल्याचा निष्कर्ष सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ साली काढला. किल्लारीची आठवण असलेल्या महाराष्ट्राने खडक फोडून पाण्याला वाट करण्याची पद्धत लोकवस्तीखाली वापरू नये, हे उघड आहे.

यवतमाळपुरता विशेष धोका फ्लोराइडचा. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या पट्ट्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक असून, डागाळलेले दात आणि वाकलेली हाडे ही त्याची साक्ष आहे. खोल आणि उष्ण पाण्यात हे क्षार अधिकच विरघळतात. असे पाणी वापरून नाल्यात सोडून दिले तर एक दुःख घालवताना दुसरे वाढवल्यासारखे होईल. जेवढे पाणी वर काढले तेवढे परत खोल थरात सोडलेच पाहिजे; पॅरिसची जोडविवराची शिस्त येथे चैन नव्हे, तर अट समजली पाहिजे.

शिवाय उनकेश्वर आणि कापेश्वरचे झरे आहेत. शेजारी विवर खोदल्याने झऱ्याचा प्रवाह आटू शकतो. ज्या कुंडावर गावाची श्रद्धा आणि उपजीविका दोन्ही उभी आहेत, ते कोरडे पाडून मिळवलेली उष्णता कोणत्याही भावाने स्वस्त म्हणता येणार नाही. त्या परिसराला हात न लावणे हेच शहाणपणाचे.

आधी वाळवणी, मग विवर

तेव्हा कामाचा क्रम ठरवला पाहिजे. सर्वांत आधी, एखाद्या सहकारी संस्थेच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या मालकीची सामुदायिक वाळवणी घाटंजीच्या बाजाराजवळ उभी राहावी. तिने आज पऱ्हाटी वापरावी. माल वाळेपर्यंत कास्तकाराला थोडी उचल मिळावी, कारण ज्याची उधारी तुंबली आहे तो चार दिवसही थांबू शकत नाही. ओलावा मोजणारे यंत्र तेथे सर्वांसमोर असावे. ऊब कोठून येते हा पुढचा प्रश्न. तिला घेणारा हात आधी तयार झाला पाहिजे.

दुसरे काम जवळजवळ फुकटात होण्याजोगे आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी ठरावीक काळाने मोजतच असते. त्याच वेळी खोल विंधण विहिरींतील निरनिराळ्या खोलीवरचे तापमानही नोंदवले, तर काही वर्षांत पैनगंगेपासून वणीपर्यंतचा उष्णतेचा नकाशा तयार होईल. महाविद्यालयांतील भूगोल व विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांना यात सहज सामावून घेता येईल. खोल खोदण्याचे कसब महाराष्ट्राला अगदीच परके राहिलेले नाही. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी केंद्राची प्रयोगशाळा कराडला आहे आणि तिच्या कार्यात २०१७ साली ३ किलोमीटर खोलीचे विवर पूर्ण झाले.

तिसरी गोष्ट जोखमीची. पहिले विवर कोरडे निघण्याचा धोका कोणतीही सहकारी संस्था पेलू शकणार नाही. फ्रान्सने १९८० नंतरच्या दशकात यासाठी सरकारी पाठबळाचा हमी निधी उभारला आणि अपयशाचा भार एकट्या संस्थेवर पडू दिला नाही. नव्या राष्ट्रीय धोरणाची खरी परीक्षा येथेच आहे. नकाशा अनुकूल निघाला, वाळवणी चार-पाच हंगाम चालली, बारमाही कामाची साखळी जुळली, तर विवराची जोखीम सरकारने उचलावी. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर त्याने ती उचलू नये, आणि लोकांनीही ती मागू नये.

पृथ्वीच्या पोटातली ऊब कोठे जात नाही. ती कोट्यवधी वर्षे तेथे आहे आणि आणखी दहा वर्षे थांबली तर तिचे काही बिघडणार नाही. ऑक्टोबरमध्ये ओले सोयाबीन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या कास्तकाराला मात्र तेवढा धीर धरता येत नाही. त्याच्यासाठी पुढच्या परतीच्या पावसाआधी एक साधी वाळवणी घाटंजीत उभी राहिली, तर पाताळाकडे जाणाऱ्या वाटेची पहिली पायरी जमिनीवरच बांधून झाली असे म्हणता येईल.